शिंगेबाईंची वहाण

शिंगेबाईंबरोबर चपलेच्या दुकानात जाऊ नये, असं बेळगावच्या आमच्या शाळेत नव्याने लागणाऱ्या प्रत्येक शिक्षिकेला पहिल्या आठवड्यातच सांगितलं जायचं. मला कुणी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल आणि मी ते हसण्यावारी नेलं असेल. नोकरीला लागून महिनाही झाला नव्हता तोच माझ्या सँडलचा पट्टा तुटला, आणि मी नेमकं बाईंनाच विचारलं, गणपत गल्लीत येता का माझ्याबरोबर. त्या एका पायावर तयार झाल्या. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

दुकानात शिरल्यावर बाई स्टुलावर ऐसपैस बसल्या. बुटक्या, अंगाने भरलेल्या, इरकल साडी, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीतून चष्मा काढून त्यांनी मी पसंत केलेली सँडल हातात घेतली आणि उलटी केली. तळ पाहिला, पट्ट्याची शिवण नखाने चाचपली, आतून वास घेतला. मग मालकाला अगदी मऊ आवाजात विचारलं, ही कुणी शिवली ओ? मालकाने कंपनीचं नाव सांगितलं.

"कंपनी न्हाय," बाई म्हणाल्या. "शिवली कुणी? कंपनीला हात असतात व्हय?"

मालक भला माणूस होता. माल हुबळीच्या डीलरकडून येतो, त्यापुढचं मला ठाऊक नाही, म्हणाला. मग त्या डीलरला फोन लावा की, म्हणाल्या. गिऱ्हाईक खोळंबलेलं, दुकानातली पोरगी तोंडाला पदर लावून हसतेय, आणि मी जमीन दुभंगण्याची वाट बघतेय. मालकाने खरंच फोन लावला. डीलरला माहीत नव्हतं. बाईंनी मालकाचे आभार मानले, पुढच्या वेळी तेवढं विचारून ठेवा म्हणून सांगितलं आणि मला घेऊन बाहेर पडल्या. मी सेफ्टी पिन लावलेल्या पट्ट्यावर वडगावला घरी गेले. आईने विचारलं, सँडल कुठंय. मी म्हटलं, ती कुणी शिवली ते अजून कळलेलं नाही.

बाई मराठी शिकवायच्या. वर्गात त्यांची भाषा पुस्तकासारखी स्वच्छ. वर्गाच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की निपाणीची. त्यांचे वडील निपाणीत चपला करायचे. कातडं कापायची रापी, टोचायची आरी आणि एक लाकडी ठोकळा एवढा त्यांचा संसार, असं बाई सांगायच्या. शाळेत इतर मुली नाकाला रुमाल लावून बाकावर सरकून बसायच्या, हेही त्या सांगायच्या, पण कुरकुर म्हणून नाही, गंमत म्हणून. "मला वास यायचाच न्हाय गं. आपल्या घराचा वास आपल्याला कुटं येतोय?"

वडिलांची आणखी एक गोष्ट मी त्यांच्याकडून किमान दहा वेळा ऐकली असेल. व्यापारी यायचा, जोड घेऊन जायचा आणि तळावर स्वतःचा शिक्का मारून विकायचा. लहानपणी बाईंनी विचारलं, आप्पा, आपलं नाव का न्हाय घालत? आप्पा म्हणाले, नाव तळाला घातलं तर लोक त्याच्यावर पाय देतील. ह्यात आप्पांचा शहाणपणा किती आणि लाचारी किती, हे मला अजून कळलेलं न्हाय, बाई म्हणायच्या. मलाही कळलेलं नाही.

नववीच्या व्याकरणात म्हणी असतात. त्यात 'पायातली वहाण पायातच बरी' ही असायचीच. बाकीचे शिक्षक अर्थ सांगून पुढे जायचे, की हलक्याला डोक्यावर बसवू नये. बाई तिथे अख्खा तास काढायच्या. म्हण पाठ करा, परीक्षेत येते, गुण सोडू नका, असं बजावून झालं की विचारायच्या, ही म्हण कुणी केली असेल? ज्याच्या पायात वहाण होती त्यानं, का ज्यानं ती शिवली त्यानं? मुलं आधी बावचळायची. मग कुणीतरी मागच्या बाकावरून उत्तर द्यायचं आणि बाई त्या मुलाला पुढे बोलावून पाठ थोपटायच्या. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांसमोर हा तास झाला. ते म्हणाले, बाई, अभ्यासक्रमात हे नाही. बाई म्हणाल्या, साहेब, म्हण आहे ना अभ्यासक्रमात, मग ती कुणाची आहे ते नको सांगायला?

त्यांनी रविवारचा एक उद्योग काढला होता. शाळेतल्या दोन शिक्षिका, तीनचार पालक आणि बाई. नाव नाही, पावतीपुस्तक नाही, नुसता मोबाईलवरचा गट. दर रविवारी एक बाजार धरायचा, दोन दुकानांत जायचं आणि एकच गोष्ट विचारायची, हे केलं कुणी. घ्यायचंच असं नाही, भांडायचं तर मुळीच नाही. नमस्कार करून विचारायचं, ऐकायचं, बाहेर यायचं. मला वाटायचं, ह्याने काय होणार, दुकानदार चार दिवस हसतील आणि विसरतील. बाईंना मी तसं म्हटलंही. त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं: "गिऱ्हाइकाला तोंड असतंय, पण ते बिचारं फक्त भाव करायला उघडतंय." साडीच्या बाबतीतही हेच. वर्षाला दोन साड्या त्या आमच्या घरच्या मागावर विणलेल्या घ्यायच्या, आणि घेण्याआधी तासभर मागाशेजारी बसून बघायच्या. माझे वडील म्हणायचे, ह्या बाई बसल्या की धागा जास्त तुटतो.

आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. आता सगळीकडे होतं तसं करवल्यांनी नवऱ्याचे बूट पळवले आणि मागणी सुरू झाली. नवरा घासाघीस करतोय, पोरी अडून बसल्यात, मांडवभर हशा. बाई उठल्या, त्या पोरींच्या हातातला एक बूट मागून घेतला आणि चष्मा लावून उलटा केला. मी मनात म्हटलं, आता मेले. त्यांनी नवऱ्या मुलाला सांगितलं, बाळा, ह्या बुटाची वरची शिवण हातानं घातलीय, नीट बघ, शिवणारीनं ह्याच्यावर दिवस घालवलाय, तेव्हा घासाघीस करू नको, पोरी मागतात ते दे. पोरींनी टाळ्या पिटल्या. नवऱ्याने निमूट दिलं. जेवताना तो बाईंजवळ येऊन बसला आणि बूट कसे ओळखायचे ते विचारू लागला, आणि नवरी एकटी पाटावर ताटकळली.

हे सगळं गमतीचं होतं. गंमत संपली ती सानिकाच्या निबंधाने.

सानिका शहराबाहेरच्या मच्छे गावाहून यायची. आमच्या शाळेत मच्छ्याची ती एकटीच. चाचणीत 'माझी आई' हा निबंध होता, आणि सगळ्यांच्या आया पहाटे उठतात, देवासमोर दिवा लावतात, तशी सानिकाची आईही लावत होती. मधेच एक ओळ होती: आई कारखान्यात असताना पाणी पीत नाही, कारण तिथे जायला जागा नाही. बाईंनी ती वही स्टाफरूममध्ये माझ्यासमोर ठेवली आणि त्या ओळीवर बोट ठेवून बसल्या. घंटा झाली तरी उठल्या नाहीत.

रविवारी त्या मच्छ्याला गेल्या. औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला पत्र्याची एक शेड होती. बारा बायका, बारा मशिनी. बुटांचे वरचे भाग शिवायचे आणि डिंकाने, ज्याला तिथे सोल्युशन म्हणतात त्याने, तळाला चिकटवायचे. त्याचा वास डोक्यात जातो, घेरी येते. खिडकी एकही नाही. दार बाहेरून कडी लावून बंद, माल चोरीला जाऊ नये म्हणून. आणि बाईंनी हातात घेऊन उलटा केला तो जोड म्हणजे शाळेचा काळा बूट. आमच्याच शाळेचा. पोरं सकाळी प्रार्थनेला रांगेत उभी असतात तेव्हा पायात असतो तो. सानिकाच्या आईचं नाव रेणुका. तिने बाईंना ओळखलं नाही. बघायला आलेली कुणी ऑर्डरवाली समजून तिने आपली शिवण दाखवली, आणि तशी सरळ शिवण मी उभ्या आयुष्यात पाहिली न्हाय, असं बाई मला दुसऱ्या दिवशी म्हणाल्या.

एप्रिलमध्ये पालकसभा झाली. बाईंनी माइक घेतला आणि सानिकाचा निबंध वाचून दाखवला. नाव घेतलं नाही. वाचता वाचता त्यांचा आवाज फुटला. मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी मोबाईलवरच्या त्यांच्या गटाने ठरवलेली गोष्ट सांगितली: यंदा जूनला कुणीही नवे शाळेचे बूट घ्यायचे नाहीत, जुने शिवून घालायचे, आणि दुकानात जाऊन तसं सांगायचं. आमच्याकडे पालकांत निम्मे कानडी बोलणारे, निम्मे मराठी, आणि सगळ्यांना सगळं कळतं. कुणीतरी मागून ओरडलं, ई बूट बेड. हे बूट नकोत. ते वाक्य चार दिवसांत इतर शाळांतही गेलं. दुकानदारांची तोंडं उतरली, जूनसाठी दिलेल्या ऑर्डरी त्यांनी मागे घेतल्या. बाईंचे पाय जमिनीला लागत नव्हते, आणि माझेही.

मे महिन्यात सुट्टीतल्या एका दुपारी मी बाईंकडे गेले होते. दारात बारा बायका उभ्या होत्या. पुढे रेणुका. बाई म्हणाल्या, या की आत, उन्हात का उभ्या. कुणी आत आलं नाही.

रेणुका म्हणाली, "बाई, तुमी आमचं काय केलासा ह्ये? बूट खपंना म्हणून मालकानं शेड बंद केली. काम गेलं आमचं."

मागून एक म्हातारी म्हणाली, पाणी पीत नव्हतो, पण भाकरी तरी खात होतो. मग रेणुका परत बोलली. आवाज चढवला नाही, ते जास्त लागलं. "तुमी सगळ्या बाजाराला विचारत हिंडलासा म्हणं. आमाला इचारलासा व्हय एकदा तरी?"

बाईंनी विचारलं नव्हतं. ज्या बाईने जन्मभर दुसरं काही केलं नाही, तिचं नेमकं तिथेच विचारायचं राहून गेलं होतं. त्या पायरीवर मटकन बसल्या आणि म्हणाल्या, चुकलं. माझं चुकलं गं बायांनो. ह्यात 'पण' नव्हता, हेतू चांगला होता वगैरे काही नव्हतं. मोठी माणसं असं म्हणताना मी फार वेळा ऐकलेलं नाही. बायका गेल्यावर बाईंनी दाराशी काढून ठेवलेल्या आपल्या चपला उचलल्या आणि फळीवर वर ठेवून दिल्या. बारा जणी परत कामाला लागेपर्यंत मी पायात काही घालणार नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, डांबर वितळतंय रस्त्यावरचं. त्या म्हणाल्या, ठाऊक हाय.

जूनला शाळा उघडली आणि शिंगेबाई अनवाणी शाळेत आल्या. आमच्या भागात बाईमाणूस अनवाणी दिसलं की एकच गोष्ट मनात येते. सौंदत्तीच्या यल्लम्माचा नवस. शिपाईमामांनी पहिल्या दिवशीच बाईंना नमस्कार केला आणि विचारलं, किती दिवसांचा हाय बाई? बाईंच्या घरात देव्हारा नाही, भिंतीवर बुद्धाचा एक फोटो, हे सगळ्या शाळेला माहीत. तरी आठ दिवसांत अख्ख्या गल्लीत झालं की शिंगेबाईंनी देवी धरली. एक पालक बाई तर हळदीकुंकवाचं ताट घेऊन शाळेत आल्या. बाईंनी त्यांना बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, नवस आहे हे खरं, पण माझ्या देवी मच्छ्याला असतात आणि सध्या त्यांचं देऊळ बंद आहे. मग शेडची सगळी हकीकत सांगितली. त्या बाई ताट घेऊन घरी गेल्या आणि संध्याकाळी बाईंच्या गटात आल्या. असे बरेच जण आले. पत्रकं वाटून जे झालं नसतं ते त्या नवसाच्या गैरसमजाने केलं.

हेडसरांना मात्र शिस्तीची काळजी. त्यांनी बाईंना बोलावून म्हटलं, विद्यार्थ्यांना बूट सक्तीचे आणि तुम्ही अशा. बाईंनी नियमांची वही मागवली, वाचली आणि शिक्षकांना पादत्राणं सक्तीची असल्याचं ह्यात कुठे दिसत नाही, असं नम्रपणे सांगितलं. हेडसर वही चाळत राहिले. वाईट मनाचे नव्हते ते. पावसाळ्यात बाईंच्या टाचेला काच लागली तेव्हा मलमपट्टीचं सामान त्यांनीच घरून आणलं.

मला त्या दिवसांत बाईंचा राग यायचा, तो इथे सांगून टाकते. काच लागलेली टाच घेऊन त्या वर्गात उभ्या राहायच्या आणि मी पट्टी बदलताना त्यांच्यावर ओरडायचे. स्वतःला शिक्षा करून कुणाचं पोट भरतं का, म्हणायचे. त्या म्हणायच्या, शिक्षा न्हाय गं उमा, आठवण हाय. पाय पोळला की रेणुका आठवते, न्हायतर मी विसरेन. मी स्वतःला चांगली ओळखते.

पण बाई नुसत्या अनवाणी बसल्या नाहीत. ह्या वेळी त्या आधी मच्छ्याला गेल्या आणि रेणुकाच्या ओट्यावर बसून बारा जणींना विचारलं, तुम्हाला काय पाहिजे? कारखाना बंद पडावा असं कुणालाच वाटत नव्हतं. मशीन हवी होती. संडास हवा होता, दाराची कडी आतून हवी होती आणि एक खिडकी. एवढंच. शेडवाल्याला बाई दोनदा भेटल्या, दोन्ही वेळा त्याने चहा पाजून वाटेला लावलं. मग बाईंनी पालकांचं ते वाक्य उलटं केलं. बेड काढला आणि त्याजागी बेकु, म्हणजे हवं, घातला. कानडीत एक कागद तयार केला, त्यावर वर लिहिलं: नमगे बूट बेकु, अवरिगे खिडकी बेकु. आम्हाला बूट हवेत, त्यांना खिडकी हवी. खाली पालकांच्या सह्या, आमच्या शाळेच्या आणि आसपासच्या चार शाळांच्या. जितके जोड लागतील तितके आम्ही याच शेडचे घेऊ, पण आधी खिडकी. तो कागद घेऊन त्या शेडवाल्याकडे न जाता त्याचा माल घेणाऱ्या दुकानदारांकडे गेल्या. इतकी वर्षं ज्यांना छळलं, त्यांच्याचकडे. दुकानदारांना पडून राहिलेला धंदा दिसला. त्यांनी शेडवाल्याचा फोन वाजवून वाजवून त्याला नकोसं करून सोडलं.

ऑगस्टमध्ये शेड उघडली. भिंतीला एक नाही, दोन खिडक्या पाडल्या. मागे संडास बांधला, त्याला पाण्याची टाकी. अकरा बायकांना निरोप आले. रेणुकाला आला नाही. ही तोंडाळ आहे, हिच्या पोरीने घरातलं शाळेत सांगितलं, हिला नको, असं शेडवाला म्हणाला. बाईंनी सभेत नाव घेतलं नव्हतं हे खरं, पण मच्छ्याहून आमच्या शाळेत येणारी पोरगी एकच होती. हे निबंध वाचून दाखवताना बाईंच्या लक्षात आलं नाही, माझ्याही आलं नव्हतं. सभेआधी तो निबंध मीही वाचला होता.

आम्ही शाळेत पेढे वाटले होते. मी बाईंना म्हटलं, घाला आता चपला. बारातल्या अकरा म्हणजे थोडं झालं का?

"एक राहिली की गं," बाई म्हणाल्या. "आणि राहिली ती माझ्या तोंडामुळं."

मला घेऊन त्या रेणुकाकडे गेल्या. रेणुका तेव्हा कंग्राळीच्या एका शेतात भांगलायला, म्हणजे तण काढायला, जात होती. बाईंनी तिला शिवणाचं घरगुती काम मिळवून देते म्हटलं, सानिकाची जबाबदारी घेते म्हटलं. रेणुकाने पदराला हात पुसले आणि सांगितलं, "मला दया नगो बाई. माझी मशीन पायजे. ती खिडकी माझ्या पोरीच्या वहीतनं आलीया, आणि तिच्याखाली दुसरीच बसलीया." बाई बसस्टॉपपर्यंत चालत आल्या, आणि मला म्हणाल्या, बरोबर हाय तिचं. अक्षर न अक्षर बरोबर हाय.

मग पुढच्या जूनपर्यंत एक वेगळाच उद्योग चालला. जो कोणी पालक बुटांच्या दुकानात जाईल त्याने बूट घ्यायचे, पैसे द्यायचे आणि निघताना विचारायचं, मच्छ्याची बारावी मशीन सुरू झाली काय? बस. दुसरं काही बोलायचं नाही. सुरुवातीला दुकानदारांना कळायचं नाही. मग कळायला लागलं. मग त्यांच्या अंगावर काटा यायला लागला. गिऱ्हाईक पायमोजे घ्यायला आलं तरी विचारतंय, छत्री घ्यायला आलं तरी विचारतंय. बोरगावहून बाजाराला आलेला एक म्हातारा, ज्याचा आमच्या शाळेशी काही संबंध नाही, तोही एका दुकानात विचारून गेला, कारण एसटीत शेजारी बसलेल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं. हे मला दुकानदारानेच सांगितलं, हसत आणि डोकं धरत. बाईंनी त्याला पाहिलंही नव्हतं.

मेच्या शेवटी बाई निवृत्त झाल्या. निरोपसमारंभाला व्यासपीठावर त्या अनवाणीच बसल्या होत्या, टाचांना भेगा, करंगळीचं नख गेलेलं. शाल घालताना हेडसर वाकले आणि त्यांची नजर त्या पायांवर गेली. भाषणात ते जरा अडखळले, मग म्हणाले, शिंगेबाईंनी आम्हाला पुष्कळ त्रास दिला आणि तो आम्हाला पुरून उरणार आहे. बाई भाषणाला उभ्या राहिल्या आणि दोनच वाक्यं बोलल्या. म्हणाल्या, शाळेने मला सांभाळलं, ह्याबद्दल आभार. आणि पुढच्या आठवड्यात पोरांचे बूट घ्यायला जाल, तेव्हा ते एक विचारायला विसरू नका.

आता बाई निपाणीला भावाकडे राहतात. फोनवर बोलणं होतं, भेट होत नाही. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच जूनमध्ये. मी एका प्रशिक्षणासाठी खानापूरच्या बसने निघाले होते. मच्छ्याच्या स्टॉपवर बस थांबली आणि खिडकीतून मला बाई दिसल्या. वसाहतीच्या रस्त्याने येत होत्या, एक पाय ओढत, वाकड्या. मला वाटलं पडल्या, नाहीतर पुन्हा काच लागली. मी कंडक्टरच्या अंगावर ओरडून खाली उतरले आणि पळत त्यांच्याकडे गेले. जवळ गेल्यावर खाली बघितलं. पायात चपला होत्या. नव्याकोऱ्या, कडक, दोन्ही अंगठे बाहेर आलेले.

मला काही विचारायची गरज नव्हती, तरी मी विचारलं. त्यांनी सांगितलं, सकाळी आठला रेणुका आत गेली. दुकानदारांनी शेडवाल्याचं डोकं खाल्लं, एक माणूस घ्या पण आम्हाला सोडवा म्हणाले, आणि काल त्याने निरोप धाडला. बाई तिला दारापर्यंत सोडायला गेल्या होत्या. बाहेर उभ्या राहिल्या, बारा मशिनींचा आवाज मोजला, मोजता येत नाही म्हणून खिडकीतून डोकावून बघितलं, आणि मग स्टॉपवरच्या दुकानात जाऊन पहिला दिसला तो जोड घेतला.

"माप जुनंच सांगितलं गं," त्या म्हणाल्या. "वर्षभरात पाय पसरलेत, ते ध्यानातच आलं न्हाय. लई चावतीय."

मी म्हटलं, बाई, काढा आणि हातात घ्या, बदलून आणू. त्यांनी माझा हात घट्ट धरला, तोल सावरायला की दुसऱ्याच कशाला, कुणास ठाऊक. डोळे भरून आले होते आणि तोंडाने हसत होत्या.

"आज न्हाय काढणार," म्हणाल्या. "चावू दे."

बेळगावची बस समोरून येत होती. माझा हात सोडून त्या दोन्ही पायांनी लंगडत रस्ता ओलांडून गेल्या.